उंबरठ्यापाशी थांबलेली मोजणी

प्रिय,

तुझं टिपण दोनदा वाचलं. ‘आधी गरीब-श्रीमंत दरी बुजवू, स्त्री-पुरुषांमधली मग आपोआप बुजेल,’ हे वाक्य खटकलं. तुझ्या वयात मीही हेच म्हणायचो, आणि बरंच ठासून.

गिनी निर्देशांक, म्हणजे विषमता मोजणारा आकडा, काढताना आपण सहसा घराचं उत्पन्न घेतो आणि ते आतल्या सगळ्यांना सारखं मिळालं असं धरून चालतो. मोजणी उंबरठ्यापाशीच थांबते. हद्दाद आणि कानबुर या अर्थतज्ज्ञांनी १९९० साली फिलिपिन्समधल्या कुटुंबांची आकडेवारी घेऊन घरात कुणाच्या पोटात किती उष्मांक जातात हे माणसागणिक पाहिलं. नुसती घराची सरासरी धरली, तर विषमता प्रत्यक्षापेक्षा ३० टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त प्रमाणात कमी भरते, असं त्यांना आढळलं.

पैसा कुणाच्या हातात पडतो, यानेही फरक पडतो. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची मदत वडिलांच्या करसवलतीतून निघून रोख स्वरूपात आईच्या हाती येऊ लागली. त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला.

आता दुसरी बाजू. ती आपल्यातले स्त्रीवादी मित्रही सोयीस्कर विसरतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी घरकामाचा आणि सांभाळाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार बायकांवर आहे. सधन घरातली बाई नोकरीला लागली की तिच्या वाट्याचं काम नवऱ्याकडे फारसं सरकत नाही. ते एखाद्या गरीब बाईकडे जातं, आणि त्या बाईच्या घरचं तिच्या थोरल्या मुलीकडे. उत्पन्नातली दरी जितकी रुंद, तितकी ही सोय स्वस्त. मग नवऱ्याने भांडी घासायला का उठावं? कागदावर पगारातली स्त्री-पुरुष तफावत घटते, आणि ती थोरली मुलगी कुठल्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून तुझ्या पाहणीत ‘घरचं उत्पन्न किती?’ एवढ्यावर थांबू नकोस. पैसे कोण ठेवतं, खर्चाआधी कुणाला विचारावं लागतं, घर कुणाच्या नावावर आहे, दिवसाचे तास कुठे जातात, हे विचार. बाईला एकटीला गाठून विचार; नवरा शेजारी बसला की उत्तरं बदलतात. वेळ जास्त लागेल, नमुना लहान करावा लागेल. खुशाल कर.

आणि पहिल्या पानावरचा ‘कुटुंबप्रमुख’ हा रकाना काढता येतो का बघ. माझ्या पहिल्या पाहणीत मला ते सुचलं नव्हतं.

तुझा,
सर