नामशेष झालेल्या माशांचे दात पडून नवे येत असत का? नाशिकच्या कातळात असे दात सापडतील का?

बहुतेकांचे येत असत, पण पद्धत एकच नव्हती. मेगॅलोडॉन हा महाकाय शार्क आजच्या शार्कसारखाच: मागच्या रांगेतला दात पुढे सरकायचा, पुढचा गळायचा. म्हणून त्याचे करवती कडांचे त्रिकोणी दात जगभर मिळतात, मोठे तर १७ सेंमीपर्यंत.

हेलिकोप्रिऑन या शार्कसारख्या प्राचीन माशाचं उलटंच. त्याचे जुने दात पडतच नसत, खालच्या जबड्यात चकलीसारखे गुंडाळत जात. मोठ्या वेटोळ्यात शंभरावर दात असत. हे वेटोळं तोंडात नेमकं कसं बसायचं ते २०१३ मध्ये सीटी स्कॅनवरून स्पष्ट झालं. तोवर चित्रकारांनी ते नाकावर, शेपटीवर, कुठेही लावून पाहिलं होतं!

मला सर्वांत भारी वाटतो तो लेपिडोटिस. शिंपले फोडायला गोटीसारखे गोल दात, आणि नवा दात जबड्यात चक्क उलटा तयार व्हायचा. मग १८० अंश वळून जुन्याच्या जागी यायचा. या माशाचे जुरासिक काळातले जीवाश्म गोदावरीच्याच खोऱ्यात, गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळच्या कोटा नावाच्या खडकस्तरांत मिळाले आहेत.

फुप्फुसमाशांना मात्र बदली नव्हतीच. त्यांच्या दंतपट्ट्या कडेने वाढत आणि वरून झिजत.

नाशिकचं म्हणाल तर आपला कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात दात मिळायची आशा जवळजवळ नाही. पांडवलेणीकडच्या खाणीत टोकदार पांढरं काही मिळालं, तर ते बहुधा झिओलाइट या खनिजाचे स्फटिक.