सिटी काउन्सिलमध्ये प्रार्थना म्हणायला बोलावलंय, जावं का?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथल्या काउन्सिलची सभा प्रार्थनेने सुरू होते. पुढच्या महिन्यात ती म्हणायला देवळामार्फत माझ्या यजमानांना बोलावणं आलंय. ते खूश आहेत. अकरावीतली लेक मात्र म्हणते, सरकारी सभेत देव कशाला? घरात दोन तट पडलेत.

उत्तर: ताई, यजमानांना खुशाल जाऊ द्या. पण लेकीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. या प्रश्नावर अमेरिकेतली कोर्टं साठ वर्षं भांडत आली आहेत.

शाळेची गोष्ट वेगळी. सरकारी शाळेने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणं १९६२ मध्येच घटनाबाह्य ठरलं. मुलाने आपल्या मनाने डबा उघडताना ‘वदनी कवळ’ म्हटलं तर ती त्याची मर्जी.

मोठ्यांच्या सभेचा निकाल आला २०१४ मध्ये. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ ग्रीस नावाचं गाव आहे. तिथे १९९९ पासून सभेआधी प्रार्थना व्हायची आणि २००७ पर्यंत म्हणणारे सगळे ख्रिस्तीच. एक ज्यू आणि एक नास्तिक अशा दोघींनी तक्रार केली, तेव्हा कुठे ज्यू, बहाई आणि विक्का या निसर्गपूजक पंथाच्या पुजारणीलाही संधी मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. केनेडींचं म्हणणं असं, की सरकारने प्रार्थनेचे शब्द तपासत बसू नये. मात्र तिचा वापर दुसऱ्या धर्माच्या निंदेसाठी किंवा लोकांना आपल्या धर्मात ओढण्यासाठी होता कामा नये. मला हे पटतं. सगळ्यांना चालावी म्हणून गाळून घेतलेली प्रार्थना कुणाचीच उरत नाही.

तेव्हा देवाचं नाव घ्यायला संकोच नको. पसायदान म्हणावं, इंग्रजीत अर्थ सांगावा, दोन-तीन मिनिटांत आटपावं. ‘उभे राहा’ असं कुणाला सांगू नये. प्रसादाचे लाडू देवळातच बरे.

एक तयारी मनाची. १२ जुलै २००७ रोजी राजन झेड या हिंदू पुरोहितांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना म्हटली, तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जातून आरडाओरडा झाला. तिघांना अटक झाली, प्रार्थना मात्र पुरी झाली. तसं काही झालंच तर यजमानांनी उत्तर देऊ नये. थांबावं, मग पुढे म्हणावं.

याहून अवघड भाग पुढच्या महिन्यांतला आहे. त्याच जागी इमाम येतील, कदाचित एखादा नास्तिकही. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच कुरकुर सुरू होईल. त्या दिवशीही तुम्ही दोघं सभेला जाऊन बसा. आणि सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या मांडवाला एक न्याय आणि शेजारच्या मशिदीला दुसरा, असं बोलू लागलात, तर लेक तुम्हाला तिथल्या तिथे पकडेल. पकडावंच.

नातेवाईक कॅनडात असतील तर त्यांना हा सल्ला पाठवू नका. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये क्यूबेकमधल्या सागने शहराच्या सभेतली प्रार्थना बंद केली. इंग्लंडने त्याच वर्षी उलट कायदा करून काउन्सिलांना प्रार्थनेची मुभा दिली.

राहता राहिली लेक. तिला बळेच पहिल्या रांगेत बसवू नका, प्रार्थना होईस्तोवर बाहेर थांबली तरी चालेल. बऱ्याच काउन्सिलांच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो. तिला आपला विरोध तिथे मांडू द्या. नाव आधी नोंदवावं लागतं का, ते सिटी सेक्रेटरीच्या ऑफिसात विचारून घ्या.