भिंतीतली फ्लश टाकी : आधी भिंत कोणाची ते पाहा

प्रश्न : डोंबिवलीतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत दुसऱ्या मजल्यावर आमची सदनिका आहे. इमारत 1994 सालची आहे. बाथरूम आणि संडास एकत्र असून जागा जेमतेम चार फूट बाय सहा फूट आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना कमोडसमोर वळताही येत नाही. ठेकेदाराने डक्टच्या (सर्व मजल्यांचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या) बाजूची भिंत खोदून कन्सील्ड (भिंतीत लपणारी) टाकी आणि वॉल-हंग (जमिनीला न टेकणारा, अधांतरी) कमोड बसवण्याचे ठरवले व 40,000 रुपये आगाऊ घेतले. घराच्या आतले काम आहे, सोसायटीला विचारायची गरज नाही, असे तो सांगतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी काम थांबवा असे पत्र दिले आहे, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या संडासाची ओल त्यांच्या छताला आली होती. सेक्रेटरी तोंडी नकार देतात, लेखी काही देत नाहीत. आम्ही काय करावे?

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि सासूबाईंसाठी जागा मोकळी व्हावी ही अपेक्षा पूर्णपणे रास्त आहे. परंतु टाकी कोणत्या कंपनीची घ्यावी हे ठरवण्यापूर्वी ती कोणत्या भिंतीत बसणार आहे हे ठरवावे लागेल, कारण आपल्या प्रकरणातील कायद्याचा सगळा प्रश्न त्या एका भिंतीपाशी येऊन थांबतो.

ठेकेदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार इमारतीच्या केवळ आतील भागापुरत्या दुरुस्तीला किंवा फेरबदलाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. मात्र हा आपला आणि महापालिकेचा प्रश्न झाला. संस्थेच्या उपविधींनुसार सदनिकेत कोणतीही वाढ किंवा फेरबदल करण्यापूर्वी व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती अट महापालिकेने सूट दिली म्हणून गळून पडत नाही. शिवाय डक्टकडील भिंत ही आपल्या खोल्यांमधली आडभिंत नव्हे. तिच्या पलीकडे सर्व मजल्यांचे मैल्याचे आणि सांडपाण्याचे उभे पाइप जातात, म्हणून डक्ट, त्यातले पाइप आणि इमारतीची ती बाजू हा सामाईक भाग ठरतो. त्या भिंतीत खाच पाडायला समितीने नकार दिला, तर त्याविरुद्ध दाद मागून यश मिळेल असे मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

आता मोजपट्टी घेऊन बाथरूममध्ये उभ्या राहा. त्या काळच्या इमारतींत डक्टची भिंत बहुधा साडेचार इंची विटेची, म्हणजे सुमारे साडेअकरा सेंटीमीटर जाडीची असते. बाजारातली सर्वांत पातळ कन्सील्ड टाकी साधारण आठ सेंटीमीटर जाडीची असते. ती आत बसवल्यावर मागे उरतो तो जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा पापुद्रा, आणि त्याच्या पलीकडे डक्ट असतो. अशा भिंतीवर वॉल-हंग कमोडचा भार टाकणे धोक्याचे आहे. म्हणूनच चांगल्या टाक्या लोखंडी फ्रेमसह येतात. ही फ्रेम खाली जमिनीला आणि मागे भिंतीला बोल्टने आवळतात, व मुख्य भार जमिनीवर जातो.

भिंत न फोडता ही फ्रेम भिंतीच्या पुढे उभी करून तिच्याभोवती कमरेइतक्या उंचीचा बंदिस्त खोका बांधता येतो. मात्र त्यात जागा वाचेल असे गृहीत धरू नका. सध्याचा टाकीसह कमोड भिंतीपासून सुमारे 27 इंच पुढे येत असेल, तर 6 इंचांचा खोका आणि 21 इंचांचा वॉल-हंग कमोड मिळूनही तितकेच होतात. आखूड, 19 इंचांचा कमोड निवडला तर दोन इंच वाचतील. म्हणजे टाकी लपवल्याने जागा वाढते हे भिंत खोदली तरच खरे आहे, आणि ती भिंत आपली नाही. मग या खर्चातून आपल्याला काय मिळेल? कमोडखालची फरशी मोकळी राहील आणि बैठकीची उंची बसवतानाच ठरवता येईल. गुडघ्याच्या रुग्णाला 18 इंचांवर बसणे-उठणे सोपे जाते, म्हणून मी हे लहान मानत नाही. मात्र वळायला जागा हवी असेल, तर दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करण्याचा विचार याच खर्चात करून पाहा.

ओलीबाबत शेजाऱ्यांची भीती अनाठायी नाही, पण त्यांना एक फरक समजावून सांगा. टाकीच्या आतली झडप बिघडली तर पाणी भिंतीत जात नाही, ते कमोडमध्येच बारीक धारेने वाहत राहते आणि डोळ्यांना दिसते. भिंतीत पाणी मुरते ते टाकीला पाणी देणाऱ्या नळीच्या जोडातून किंवा टाकी व कमोड यांच्यामधल्या पाइपच्या रबरी वायसरातून. फ्लश प्लेट (भिंतीवरची फ्लशच्या बटणांची पट्टी) काढली की मागे दोन तळव्यांएवढी खिडकी उघडते. तिच्यातून हात घालून पाण्याचा कॉक बंद करता आणि झडप काढता आली पाहिजे. पैसे देण्यापूर्वी प्लंबरकडून हे आपल्यासमोर करून घ्या. ज्या टाकीची दुरुस्ती टाइल फोडल्याशिवाय होत नाही ती घेऊच नका, कारण वॉरंटीत सुटा भाग बदलून मिळतो, फोडलेल्या टाइलची भरपाई सहसा मिळत नाही. आणखी एक गोष्ट तपासा. सध्याच्या कमोडचा मैला जमिनीतून खाली जातो की मागच्या भिंतीतून डक्टमध्ये? जमिनीतून जात असेल, तर वॉल-हंग कमोडसाठी जोडणी बदलावी लागेल. डक्टमधल्या उभ्या पाइपला हात लावायचा झाल्यास त्यासाठी परवानगी हवीच.

अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर येतो, त्यामुळे खाली ओल गेल्यास जबाबदारी प्रथम आपल्याकडे येईल. अशा वेळी शेजारी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाऊन मनाई हुकूमही मागू शकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्यांच्या छताची छायाचित्रे त्यांच्याच समक्ष काढा आणि तारीख घालून दोघांच्या सह्यांचे पाहणी टिपण करा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल बसवण्यापूर्वी 48 तास पाणी साठवून ठेवा आणि त्या वेळी त्यांना खाली छत पाहायला सांगा. तीन वर्षांपूर्वी ज्यांचे छत ओले झाले, त्यांना हे दाखवणे आपले कर्तव्य आहे असे मला वाटते.

सेक्रेटरींचा तोंडी नकार कायद्याच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नाही. समितीला लेखी अर्ज द्या, सोबत साधा नकाशा जोडा, डक्टची भिंत खोदणार नाही व सामाईक पाइपला हात लावणार नाही असे त्यात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. अशा अर्जाला कारण न देता नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येईल, आणि तिथे आपली बाजू आजच्यापेक्षा पुष्कळ भक्कम असेल.

ठेकेदाराला आजच लेखी कळवा की परवानगी मिळेपर्यंत काहीही फोडू नये आणि बदललेल्या कामाचे दरपत्रक द्यावे. त्याने टाकी आणून ठेवली असेल, तर ती फ्रेमसह खोक्यात बसते का ते विचारा. तो भिंत फोडण्यावरच अडून बसला आणि आगाऊ रक्कमही परत करेना, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ही सेवेतील त्रुटी म्हणून ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. त्यासाठी पैसे दिल्याची नोंद, ठेकेदाराचे संदेश आणि आपल्या पत्राची प्रत एकत्र जपून ठेवा.