बायबलमधल्या इब्री पत्राचा पहिला अध्याय शिकवशील तेव्हा

बेटा, रविवारी नवापूरच्या मंडळीत तू पहिल्यांदा संदेश देणार, म्हणून सांगतो. देवदूतांच्या वर्णनात रमू नको. चौदाव्या वचनात ते सेवा करणारे आत्मे आहेत, बस. पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला, मात्र नमन करण्याची त्यांना आज्ञा आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 22 मध्ये, ते लिहिणारा योहान देवदूताच्या पाया पडायला गेला, तर देवदूतानंच त्याला अडवलं आणि देवाला नमन करायला सांगितलं. एवढा एक प्रसंग नीट सांगितलास तरी फरक कळतो.

मग दहा ते बारा वचनं सावकाश वाच. स्तोत्र 102 मधले शब्द तिथे ख्रिस्ताला लावलेत: आकाश वस्त्रासारखं जीर्ण होईल, पण तू तोच आहेस. मी आईची गोधडी सोबत नेतो, विरलेली, टाके सुटलेली. ती हातात धरून हे वाचलं की कापूस वेचून थकून आलेल्या बायाही कान देऊन ऐकतात.

पाचव्या वचनात देव पुत्राला म्हणतो, ‘आज मी तुला जन्म दिला’. यावर कुणीतरी विचारेलच, मग त्याआधी तो नव्हता का? दुसरं वचन उघडून दाखव: विश्वच त्याच्या द्वारे निर्माण झालं. विचारणाऱ्यावर चिडू मात्र नको. याच प्रश्नावर 325 साली निकेया शहरात ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद भरली होती.