नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू का?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक जण कथा-कादंबरीवाले नसतात. कुणाला शेतीवर लिहायचं असतं, कुणाला गावाच्या इतिहासावर, कुणाला आजाराशी झगडणाऱ्या माणसांवर. अशाच एका जोडप्याची ही हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

पती भूजल सर्वेक्षणाचं काम करणारे. मराठवाड्यात गावोगाव फिरून विहिरी आणि बोअर तपासायचे. दुष्काळातल्या बोअरवर त्यांनी एका दिवाळी अंकात लेख लिहिला, वाचकांचे भरभरून फोन आले आणि आता राजीनामा द्यायचाच, असं त्यांच्या मनाने घेतलं. पत्नी शिक्षिका. घराचे हप्ते चालू, मुलगी आठवीत. “मॅडम, यांनी लिहावं असं मलाही वाटतं,” त्या म्हणाल्या, “पण माझ्या एकटीच्या पगारावर किती दिवस निघतील, ते कुणीतरी यांना सांगा.”

ते म्हणाले, “अनिल अवचटांनी डॉक्टरकी सोडलीच ना?”

सोडली, आणि त्यातून मराठीला मोठं लेखन मिळालं. पण घर डॉ. अनिता अवचटांच्या मनोरुग्णालयातल्या नोकरीवर चाललं, हेही अवचटांनी कधी लपवलं नाही. तो दोघांनी मिळून घेतलेला निर्णय होता. इथे एकाने तो मनात ठरवून टाकला होता आणि दुसरीला हिशेबही माहीत नव्हता.

म्हणून आधी कागदावर हिशेब मांडला. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के, आवृत्ती १००० प्रतींची. सगळ्या प्रती खपल्या तर ३०,००० रुपये, आणि मराठीत हजार प्रती संपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. आकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांना नाउमेद करायचं नव्हतं. पण हा आकडा लेखकाला राजीनाम्यानंतर कळू नये, असं मला फार वाटतं.

मग विचारलं, “राजीनामा दिल्यानंतरचा पहिला सोमवार सांगा. सकाळी उठून काय कराल?”

“लिहीन.” थोडं थांबून, “शिवारात जाईन. शेतकऱ्यांशी बोलेन. विहिरी बघेन.”

पत्नी पटकन म्हणाल्या, “अहो, ते तर तुम्ही आजही करता!”

त्या भेटीत खरा उलगडा इथे झाला. त्यानंतर ते तासभर बोलत होते. तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणारे पाणाडे, ‘दोन इंच पाणी लागलं’ म्हणून वाटलेले पेढे, आठशे फूट जाऊन कोरडी गेलेली बोअर, एक फसली म्हणून कर्ज काढून मारलेली दुसरी. मुरूम कुठे संपतो, काळा पाषाण कुठे लागतो, शेजाऱ्याच्या बोअरने आपली विहीर का आटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरीबाहेरचं लिहिणाऱ्या लेखकाचं भांडवल हेच असतं, आणि यांना ते नोकरीने दिलं होतं. वर्षानुवर्षं एका विषयाला चिकटून राहिलेल्या माणसालाच वाचक, संपादक, संस्था शोधत येतात. पाण्यावर एक लेख, मग चित्रपटावर एक, मग प्रवासावर एक, असं लिहिणाऱ्याला ते भाग्य क्वचित लाभतं.

आम्ही एकच विषय धरला: बोअर आणि तिच्यापायी होणारं कर्ज. रोज शिवारातून आल्यावर वहीत टिपण, शनिवार-रविवारच्या सकाळी लेखन. कार्यालयाचे अहवाल परस्पर वापरायचे नाहीत. सरकारी आकडेवारी हवी तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली रीतसर अर्ज करायचा. वहीतल्या शेतकऱ्यांची नावं त्यांना विचारल्याशिवाय छापायची नाहीत.

प्रकाशकाकडून कराराचा मसुदा आला, तो ते वाचून दाखवायला आले. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं त्यात होतं. मी वकिलाकडे पाठवलं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. पण ‘कायमस्वरूपी’वर सही केली की ही सवलत उरत नाही. त्यांनी मुदत घालून घेतली, अनुवादाचे आणि ऑडिओबुकचे हक्क स्वतःकडे ठेवले. काही प्रकाशक लेखकालाच पैसे भरायला किंवा पाचशे प्रती विकत घ्यायला सांगतात. तसं सांगितलं तर उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राजीनाम्याची अट पत्नीने घातली आणि त्यांनी ती मान्य केली: लेखनाशी जोडलेल्या कामांतून सलग दोन वर्षं घराच्या हप्त्याएवढी रक्कम आली, की बोलायचं. एका संस्थेने पाणलोटाच्या कामांचं दस्तावेजीकरण त्यांच्याकडे दिलं आहे; त्याचे पैसे दिवाळी अंकाच्या मानधनापेक्षा कितीतरी जास्त आहेत. व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली आहेत. पुस्तकाची निम्मी प्रकरणं झाली आहेत, आणि कच्चा खर्डा पहिल्यांदा वाचतात त्या त्यांच्या पत्नीच.