परदेशातून आणलेल्या फोनवर ॲप 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' का म्हणतं? एपीके टाकू का?

तुम्ही लिहिलंय की मुलीने म्युनिकहून तिचा जुना फोन आणून दिला, नागपुरात सिम टाकलं, आणि हवं ते ॲप प्ले स्टोअर देतच नाही. हा युरोपच्या डेटा कायद्याचा परिणाम का, आणि टेलिग्रामवर मिळालेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, टाकावी का?

एपीकेचं आधी सांगतो: नका टाकू. बाकी सावकाश बोलू.

नागपुरातच बर्डीवर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, असे फोन येत असतात. बहुतेक वेळा भानगड फोनची नसते, त्यातल्या गुगल अकाउंटच्या देशाची असते. मुलीचंच अकाउंट फोनवर असेल तर प्ले स्टोअरच्या लेखी तुम्ही अजून जर्मनीतच आहात. देश बदलता येतो, पण वर्षातून एकदाच, आणि जुन्या देशातला प्ले बॅलन्स नव्या देशात चालत नाही. त्यापेक्षा तुमचं स्वतःचं भारतातलं अकाउंट फोनवर जोडा, मग प्ले स्टोअरमध्ये वर उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून त्यावर या आणि ॲप पुन्हा शोधा.

आता कायदा. युरोपचा डेटा कायदा, म्हणजे जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे. तो कुठल्या ॲपचं नाव घेऊन बंदी घालत नाही. तिथल्या लोकांचा डेटा नीट सांभाळा, नाहीतर 2 कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या 4 टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड, एवढं सांगतो. मग कंपनीच हिशेब मांडते. लॉस एंजेलिस टाइम्स या अमेरिकी वर्तमानपत्राने तेव्हा युरोपातल्या वाचकांना साइटच बंद केली होती. पण दरवेळी कारण प्रायव्हसीच असतं असं नाही. इन्स्टाग्रामवाल्या मेटाचं थ्रेड्स ॲप जुलै 2023 मध्ये आपल्याकडे आलं, युरोपियन युनियनमध्ये डिसेंबरात. तिथे अडचण मुख्यतः डिजिटल मार्केट्स ॲक्टची, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीवरच्या कायद्याची होती.

सरकारी बंदीची गोष्ट वेगळी. भारतात 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 ॲप्स बंद झाली ती आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली. तिथे अकाउंट बदलून काही होत नाही, ॲप फोनमध्ये असलं तरी नेटवर्कवरच अडतं.

आपला स्वतःचा डेटा कायदा ऑगस्ट 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी सुरू होणार. दंड 250 कोटींपर्यंत आहे. डेटा देशाबाहेर न्यायलाही सरसकट मनाई नाही, सरकार ज्या देशांची नावं काढेल तेवढेच वगळून. म्हणून तुमचं ॲप या कायद्यामुळे अडलं असेल असं मला वाटत नाही.

एपीकेला 'नाही' का म्हणालो? कायदा धरतो तो नाव-पत्ता असलेल्या कंपनीला. टेलिग्रामवरच्या फाइलमागे कोण बसलंय, कोणाला ठाऊक! 'काही नाही होत ना भाऊ, टाकून द्या' म्हणणारे गिऱ्हाईक रोजचेच. लग्नपत्रिका किंवा आरटीओ चालान म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइली हाच खेळ करतात: टाकल्या टाकल्या एसएमएस वाचायची परवानगी मागायची, मग स्क्रीनवरून आयकॉन गायब, आणि ओटीपी परस्पर तिकडे. असं काही आधीच टाकलं असेल तर नेट बंद करा, सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत जाऊन अनोळखी नाव शोधून काढून टाका. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ताटकळू नका.

एक राहिलंच. फोन पुढेमागे रिसेट करणार असाल तर त्याआधी मुलीला तिचं अकाउंट सेटिंग्जमधून काढायला सांगा. लॉक पडून थेट रिकव्हरीतून, म्हणजे सेटिंग्जमध्ये न जाता बटणं दाबून, रिसेट केलात तर फोन तिचा पासवर्ड मागत बसेल, आणि तेव्हा म्युनिकमध्ये पहाटेचे तीन वाजले असतील.