मंडळीत (चर्चमध्ये) सेवा करताना खटके उडतात, सेवा सोडावी का?

तुम्ही विचारलंय, नाताळची गीतं बसवताना गायनवृंद आणि तरुण संघात खटके उडतात, मग सेवेतून बाहेर पडावं का? मी म्हणेन, घाई करू नका. पुण्यातल्या आमच्या मराठी मंडळीतही डिसेंबर उजाडला की हेच सुरू होतं: कीबोर्ड कोण वाजवणार, एकट्याने म्हणायचं कडवं कोणाला, सरावाला हॉल कधी मिळणार.

खटके उडाले म्हणजे विश्वास कमी पडला, असं मुळीच नाही. पहिल्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली होती (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6). प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ती दाबली नाही. लोकांनाच सात जण निवडायला सांगितलं आणि काम त्यांच्याकडे दिलं. एकदा काम दिलं की त्यात लुडबुड करू नये. आपल्याकडच्या ज्येष्ठांना नेमकं हेच जड जातं.

कोणाबद्दल मनात काही असेल तर आधी त्यालाच एकट्याला गाठा, मत्तय 18:15 हेच सांगतं. उपासनेनंतर चहा घेताना तिसऱ्यापाशी बोलू नका, 'प्रार्थनेचा विषय' म्हणून तर अजिबात नको.

एवढं करूनही जमलं नाही तर? पौल आणि बर्णबा हे पहिल्या मंडळीच्या काळातले दोन प्रचारक, सोबती मार्कला पुन्हा बरोबर न्यावं का यावरून वेगळे झाले, पण सेवा दोघांनीही सोडली नाही. पुढे पौलानेच आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलं, मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. तेव्हा यंदा गाण्यात राहवत नसेल तर पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोलून संडे स्कूलचं, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाचं, काम मागून घ्या. तिथे माणसं नेहमीच कमी पडतात.